रंग सांगणारी ठमाबाई

दुसऱ्याचं बरं झालेलं ठमाबाईला बघवत नसे, हे चौलच्या सगळ्या वाड्यांना ठाऊक होतं, आणि तीही ते फारसं लपवत नसे. धाकट्या बहिणीचं लग्न थाटात लागलं तेव्हा ही भर पंगतीत पानावरून उठली आणि डोकं दुखतंय म्हणून माजघरात जाऊन पडली. शेजारच्या मनुबाईच्या फणसाला एका वर्षी बुंध्यापासून फळ लागलं, तर ठमाबाई दोन महिने लांबच्या वाटेनं विहिरीवर जात होती. देवानं हिला डोळे दिले ते दुसऱ्याच्या ताटात बघायला, असं तिची सासू म्हणायची. त्यात खोटं काही नव्हतं. पण जिच्या स्वतःच्या ताटात देवानं काही वाढलंच नाही, तिनं बघायचं तरी कुठं, हे सासूला कुणी विचारलं नाही. नवरा पटकीत गेला, मूल झालं नाही, आणि तिशीच्या आत ती भावाच्या घरी परत आली ती भावजयीची चार पोरं वाढवायला.

एकोणीसशे सत्तावीस सालच्या गणपतीनंतर बाळाजीपंत डॉक्टर चौलात राहायला आले. मुंबईच्या एका वैद्यक कॉलेजात तीस वर्षं शिकवून मोकळा झालेला हा विधुर माणूस. सुपारीच्या वाडीत त्यांनी घर घेतलं. गावाला वाटलं, चला, औषधपाण्याची सोय झाली. डॉक्टरांनी मात्र मागच्या पडवीत लांबलचक टेबल मांडलं, त्यावर काचेच्या नळ्या उभ्या केल्या, आणि रेवदंड्याच्या खाटकाकडून बोकडाची आतडी मागवली. गाव हादरलं. स्वयंपाकाला बाई मिळेना. ठमाबाई मात्र गेली. भावजयीच्या हाताखाली राबण्यापेक्षा आतडी बरी, असं तिचं म्हणणं.

डॉक्टरांचं वेड जगावेगळं होतं. शेळी पाला खाते, मांजर मासे आणि उंदीर खातं, डुकराला काहीही चालतं. प्रत्येकाच्या जठरामागं एक गाठ असते, तिला स्वादुपिंड म्हणतात. तिच्यातून पाचकरस पाझरतो आणि तो खाल्लेल्याचं पाणी करतो. मग ज्याचा जसा खुराक, तसाच त्याचा रस असतो का? ज्या जनावरानं जन्मात भात खाल्ला नाही, त्याच्या रसाला भात पचवता येईल का? एवढंच त्यांना बघायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी उरलेलं आयुष्य बाजूला काढून ठेवलं होतं.

रीत सोपी होती. गाठ खलात वाटायची, मिठाच्या पाण्यात मुरवायची, गाळून घ्यायची. काचेच्या नळीत तांदळाची खळ घालून तिच्यात त्या रसाचे मोजके थेंब टाकायचे. तोंडाला बूच लावून नळी दोनदा उलटीसुलटी करायची आणि अंगाइतक्या ऊन पाण्यात उभी ठेवायची. मग दर दोन मिनिटांनी नळीतला एक थेंब पांढऱ्या फरशीवर घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब सोडायचा. खळ शिल्लक असेल तर थेंब निळा होतो. रसानं ती पचवली असेल तर होत नाही. किती मिनिटांनी निळं जातं ते घड्याळात बघून वहीत लिहायचं.

"म्हंजे जनावर मेलं तरी त्याचं पोट जेवतंच हाय म्हना की," ठमाबाई पहिल्या दिवशी म्हणाली. डॉक्टर एवढे खूश झाले की त्यांनी तिला बसायला पाट दिला.

हळूहळू चुलीपाशी राहणारी ठमाबाई पडवीत आली. मुंबईहून आणलेल्या पिठाला जाळी धरली, तेव्हा तिनं जुने तांदूळ भिजवून, वाटून, फडक्यानं गाळून असं सत्त्व काढून दिलं की डॉक्टरांनी पुन्हा मुंबईचं पीठ मागवलं नाही. पाणी अंगाइतकं ऊन झालं की नाही, ते ती कोपर बुडवून सांगे, तान्ह्या पोराच्या आंघोळीला बघतात तसं. डॉक्टर काचेचा तापमापक घालून बघत आणि मान हलवत.

पण तिचं खरं राज्य होतं त्या पांढऱ्या फरशीवर. डॉक्टरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. निळं संपून पिवळं कधी झालं ते त्यांना नीट कळेना. एक दिवस चहा घेऊन आलेली ठमाबाई त्यांच्या खांद्यावरून बघून म्हणाली, "निळं कुठं ऱ्हायलंय, डॉक्टर? वांग्यावानी झालंय. घडीभरानं आमसुलावानी व्हईल, मंग पिवळं." डॉक्टरांनी पुढचा थेंब घेतला. आमसुली. त्याच्या पुढचा पिवळा. त्या दिवसापासून वहीत निळा, वांगी, आमसुली आणि पिवळा असे चार रंग लागले, आणि ते ठमाबाई सांगेल तेच लागले. फरशीजवळ उभं राहून ती मोठ्यांदा रंग सांगायची आणि एवढा शिकलेला माणूस मान खाली घालून लिहून घ्यायचा. आयुष्यात तिच्या शब्दाला असा मान कुणी दिला नव्हता. डुकराचा रस चार मिनिटांत खळीचं पाणी करतो, बोकडाला वीस मिनिटं लागतात, रेड्याला त्याहून जास्त, हे सगळं ठमाबाईच्या तोंडून वहीत गेलं.

त्याच सुमारास एकदा डॉक्टरांनी नळीत स्वतःची लाळ टाकून दाखवली. दोन मिनिटांत निळं गेलं. "बघा, माणसाच्या तोंडापासूनच भात पचायला लागतो," ते म्हणाले. ठमाबाईनं नाक मुरडलं. "उष्टं त्ये. आन ह्ये बघाया काच कशाला लागती? पोरानं आर्दी टाकल्याली पेज घडीभरात पानी व्हती. न शिवल्याली तशीच घट ऱ्हाती. चार पोरं वाढवली म्या." डॉक्टरांनी तेही वहीत लिहिलं.

अशी चार वर्षं गेली. ठमाबाई कुणावर जळली नाही, कारण जळावं असं तिच्यापाशी कुणी नव्हतंच. भावजय म्हणे, हिचा स्वभाव निवळला. स्वभाव कसला निवळतोय! त्याला जळण मिळालं नव्हतं इतकंच.

एकोणीसशे एकतीसच्या आश्विनात ते जळण आपल्या पायांनी चालत आलं. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या शिवदासच्या जाळ्यात खाडीच्या तोंडाशी एक ऊद, म्हणजे पाणमांजर, अडकून मेला. मासे खाणारा, मांजरीएवढा, गुळगुळीत अंगाचा. पाण्यातल्या या जनावराचं करायचं काय, म्हणून शिवदासची बायको केसर तो टोपलीत घालून थेट डॉक्टरांकडे आली. चोवीस-पंचवीस वर्षांची, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, दंड वल्हं मारून मारून भरलेले. टोपली उतरवून ती हसली आणि म्हणाली, "डागतर, तुमी आतरी घेताव नं? ही घ्या. मासे खाऊन खाऊन लय माजलेला हाय."

डॉक्टर नाचायचेच बाकी राहिले. उदाचा रस त्यांनी स्वतः काढला, नळ्यांना शेवटची चांगली बुचं लावली, आणि ठमाबाईनं एक तासभर एकच रंग सांगितला. निळा, निळा, निळा. नुसते मासे खाणाऱ्याला भात पचेना. डॉक्टर म्हणाले, "आता मांजरं हवीत."

इथं ठमाबाईनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. "मांजर मारलं की सोन्याचं मांजर घेऊन काशीला जावं लागतं," ती म्हणाली. "मांजराच्या नळ्यांना माजा हात लागायचा न्हाय. रंग बी सांगायची न्हाय." डॉक्टरांनी समजावलं, पण ती हटली नाही.

"मी आनून देतंय," केसर म्हणाली. "आमच्या कोळीवाऱ्यान मांजरां लय झालीत. पाप डागतरचा, नळ्या माझ्या."

झालं. दुसऱ्या दिवसापासून टेबलाचे दोन भाग झाले. पाला, गवत, धान्य खाणाऱ्यांच्या नळ्या ठमाबाईच्या, मांजरांच्या केसरच्या. ताडून बघायला बोकडाच्या उकळून मारलेल्या रसाच्या नळ्या लागत, त्याही ठमाबाईच्याच, कारण चूल तिची. आणि मांजरांच्या ओळीचे रंग केसर सांगू लागली. ठमाबाईनंच लावलेली नावं, वांगी, आमसुली, ती पोर बिनदिक्कत वापरायची. कानामागून आली आणि तिखट झाली.

त्या पावसाळ्यात बुचांना बुरशी येऊन ती भुगा झाली होती. मुंबईहून नवी येईपर्यंत नळ्यांना कापसाचे बोळे लावावेत असं ठरलं. ठमाबाईचे बोळे गळत. नळी उलटी केली की खळीचे थेंब खाली, आणि माप चुकलं म्हणून डॉक्टर चुकचुकत. केसरचा बोळा मात्र घट्ट. थेंब म्हणून सांडायचा नाही. "ठमाबाई, जरा केसरकडून शिकून घ्या," डॉक्टर सहज म्हणाले. ठमाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या संध्याकाळी तिनं आमटीत मीठच घातलं नाही, आणि डॉक्टरांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

शिकायचं नव्हतं, पण हिचं गुपित काय ते बघायचं होतं. ठमाबाई स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत राहिली. केसर कापूस घ्यायची, बोटांनी वळायची, तोंडात घालून चांगला ओला करायची, मग नळीत पिळून बसवायची. होडीच्या फळ्यांच्या फटीत कापूस भरताना तिच्या माहेरी सगळे असंच करत. ओला कापूस फुगतो आणि फट धरतो. डॉक्टर तेव्हा आत घड्याळाला चावी देत असत, आणि समोर असते तरी त्यांना दिसलं नसतं.

"शी, उष्टं!" एवढंच तेव्हा ठमाबाईच्या मनात आलं.

मांजरांच्या नळ्यांनी मात्र चमत्कार केला. ज्या खळीला उदाच्या रसानं तासाभरात धक्का लावला नाही, तिचं मांजराच्या रसानं आठ मिनिटांत पाणी! दुसऱ्या मांजरानं बारा मिनिटांत, तिसऱ्यानं सहा. मांजराच्या रसानं उकडलेल्या अंड्यातलं पांढरं तर विरघळवलंच, पण भातही पचवला. डॉक्टरांना जेवण सुचेना. ते केसरला विचारू लागले, "हे मांजर कुणाकडचं?"

"गुनाजी तांडेलाचा. दोनी येळा भात गावतंय त्याला."

"आणि हे?"

"ह्या सोनूबाईचा. तिचेकडं पोरांना गावत नाय, मांजराला कुठला?"

सोनूबाईच्या मांजराला अठरा मिनिटं लागली होती. डॉक्टरांनी टाळी वाजवली. कोळीवाड्यातलं मांजर पिढ्यान्‌पिढ्या माशाबरोबर कालवलेला भात खातं, म्हणून त्याच्या पोटानं भाताचा रस करायला शिकून घेतलं, खुराक बदलला की रस बदलतो, असा सिद्धान्त त्यांनी त्याच दिवशी बांधला. केसरचं कौतुक करताना त्यांचा आवाज चढला होता. ठमाबाई चुलीपाशी बसून कौतुकाचा एकेक शब्द ऐकत होती आणि तिच्या अंगाचा तीळपापड होत होता. चार वर्षं आपण रेड्याच्या आतड्यांत हात घातले, आणि टाळी वाजली ती हिच्या मांजराला!

दिवाळीच्या पाडव्याला केसर घाईत निघाली. जाताना तिनं उरलेल्या साध्या खळीच्या बाटलीला आपल्या सवयीनं बोळा ठोकला, नळीसारखी ती दोनदा उलटीसुलटी केली आणि तशीच ठेवून गेली. दुपारी ठमाबाईनं बाटली उचलली. सकाळी तिनं स्वतः शिजवलेली दाट खळ, आणि आत बघते तर पाणी. त्यात कुठल्याही मांजराचा थेंब पडला नव्हता. ठमाबाई बाटली हातात धरून उभी राहिली. पोरानं अर्धी टाकलेली पेज तिच्या डोळ्यांपुढं आली, आणि तोंडात कापूस घेतलेली केसर. तिनं फरशीवर थेंब घेतला, आयोडीन टाकलं. पिवळा.

मांजरं भात पचवत नव्हती. केसरची थुंकी पचवत होती.

ती धावतच ओसरीवर निघाली होती, हे खरं सांगायला हवं. पण ओसरीवर डॉक्टर पाडव्याला आलेल्या पाहुण्याला सांगत होते, "या मुलीचा हात म्हणजे काय सांगू! असं माणूस मला मुंबईत तीस वर्षांत मिळालं नाही." ठमाबाई उंबऱ्यातच थांबली. चार वर्षांत आपल्याबद्दल असं कुणा पाहुण्याला कधी सांगितलं होतं का? नव्हतं. मग चढू दे हिला. जितकी वर चढेल तितकी जोरात आपटेल. ती परत फिरली, बाटली विसळून पालथी घातली, आणि डॉक्टरांसाठी चकल्या काढल्या.

त्यानंतर बोलायला दिवस मिळाले नाहीत का? रोज मिळाले. डॉक्टर रोज सकाळी निबंध लिहीत आणि त्यातलं मराठीत करून दोघींना वाचून दाखवत. मांजराच्या ओळीवर ते आले की ठमाबाईच्या जिभेच्या टोकाशी यायचं आणि तिथंच थांबायचं. केसर गालाला हात लावून ऐकायची. एकदा ती ठमाबाईला म्हणाली, "काकी, तुझी खळ नसती तं माझी मांजरां काय करणार व्हती?" मनापासून म्हणाली ती. ठमाबाईला तेही टोचलं. हिला मोठं मनही दाखवता येतं, आणि आपल्याला तेवढंही जमत नाही! पौष गेला, माघ गेला. मांजरांची संख्या एकवीसवर गेली, आणि निबंध आगबोटीनं मुंबईच्या वैद्यसभेकडे रवाना झाला.

शिमग्याच्या आधी सभेचं पत्र आलं. निबंध वाचायचाच, आणि शिवाय प्रयोग सगळ्यांसमोर करून दाखवायचा. डॉक्टरांनी पत्र कपाळाला लावलं.

"तिथं रंग सांगायला आपलं माणूस हवं," ते म्हणाले. "मोठमोठे डॉक्टर बसतील, त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं. केसर, तू यायचंस. शिवदासशी मी बोललोय, तोही बरोबर येईल."

"आन मी?" ठमाबाई म्हणाली.

"तुम्ही घर सांभाळा, ठमाबाई. ओळ मांजरांची आहे, आणि मांजरांना तर तुम्ही हात लावत नाही."

ठमाबाईच्या डोळ्यांपुढं ते दालन उभं राहिलं, खुर्च्यांवर बसलेली माणसं, पांढरी फरशी, आणि आपल्या रंगांची नावं घेणारी केसर. तिला राहवेना.

"तुमची मांजरं भात पचवत न्हाईत, डॉक्टर," ती म्हणाली. "ही बया पचवती. इचारा तिला, कापूस कुठं वला करती त्ये."

केसरचा चेहरा उतरला. तिला काही कळलंच नव्हतं. तिनं तोंडाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "तोंडान. नायतं फुगंल कसा?"

डॉक्टर उठले. त्यांनी सकाळीच गाळून ठेवलेला मांजराचा रस घेतला, पाच नळ्या मांडल्या. दोन नळ्यांना केसरनं तिच्या सवयीनं बोळे लावले, दोन नळ्यांना ठमाबाईनं कोरडे. पाचव्या नळीत रसच घातला नाही, नुसती खळ, आणि तिला केसरचा बोळा. "काशीचं पाप माझ्या माथी," डॉक्टर म्हणाले, "रंग तुम्ही सांगा, ठमाबाई."

तिनं सांगितले. आयुष्यात इतक्या खणखणीत आवाजात तिनं काही सांगितलं नव्हतं. "माज्या दोनी निळ्या. तिच्या वांगी. माज्या निळ्या. तिच्या आमसुली. बिनरसाची, आमसुली. माज्या निळ्या. तिच्या पिवळ्या. बिनरसाची बी पिवळी!" तासभर झाला तरी तिच्या दोन नळ्या निळ्याच राहिल्या.

डॉक्टर खुर्चीत बसले, चष्मा काढला, आणि एकाएकी हसू लागले. "अहो, मी सभेपुढं उभा राहून एकवीस मांजरांच्या नावावर कोळणीची लाळ खपवणार होतो! सगळे माझ्या तोंडावर हसले असते. ठमाबाई, लाज राखलीत तुम्ही माझी. निबंध मी परत मागवतो. पुन्हा लिहीन, खरा लिहीन, आणि सभेला तुम्हीच यायचं. रंग तुम्ही सांगायचे."

ठमाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. केसर कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती आणि पदरानं डोळे पुसत होती. आता इतकं झाल्यावर शहाण्या बाईनं गप्प बसावं. पण ठमाबाईला कौतुकाची सवय नव्हती, आणि सवय नसलेल्या माणसाला ते किती घ्यावं हे कळत नाही.

"पण तुमच्या लक्षात आलं कसं?" डॉक्टरांनी विचारलं. "आजच आलं म्हणून बरं."

"आज?" ठमाबाई फुशारकीनं म्हणाली. "अवो, म्या दिवाळीच्या पाडव्यालाच वळखलं व्हतं! साद्या खळीचं पानी झालं तवाच. माज्या नजरंतनं सुटतंय व्हय काय?"

डॉक्टरांचं हसू थांबलं. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे बघितलं.

"पाडव्याला," ते म्हणाले. "म्हणजे मी निबंध लिहायच्या आधी."

ठमाबाईला कळलं, आपण हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.   केसरनं विचारलं, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "काकी, मग तवाच मना का नाय सांगितलास? मी कापूस पान्यान बुरवला असता."

खरंच, इतकंच तर होतं. कापूस पाण्यात बुडवला असता. ठमाबाईनं खाली बघितलं आणि ती आत गेली.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तार करून निबंध मागं घेतला. सभेला कुणीच गेलं नाही. केसर म्हणत होती, मी उद्यापासून येत नाही, पण डॉक्टरांनी तिला सांगितलं, तुला ठाऊक नव्हतं, त्यात तुझा काय गुन्हा? आठ दिवसांनी शिमग्याचे दिवस सरले. इतके दिवस मागवायची राहून गेलेली नवी बुचं आली, नवी मांजरं आली, सगळं पहिल्यापासून सुरू झालं. ठमाबाईनं खळ शिजवली, कोपर बुडवून पाणी बघितलं, आणि पदर खोचून फरशीजवळच्या आपल्या जागी जाऊन उभी राहिली. मांजरांचं पाप लागलं तरी लागू दे, हे तिनं रात्रीच ठरवलं होतं.

"ठमाबाई," डॉक्टर वहीतून वर न बघता म्हणाले, "रंग केसर सांगेल. सगळ्याच ओळींचे."

"का? माजी नजर गेली न्हाय आजून."

"नजर चांगलीच आहे तुमची. माझ्यापेक्षा चांगली, तिच्यापेक्षाही चांगली. पण मला दिसत नाही, म्हणून मला सांगणारं माणूस हवं. तुम्हाला दिसलं, आणि तुम्ही सांगितलं नाही." त्यांनी वहीचं पान उलटलं. "खळ तुमच्यासारखी कुणाला जमत नाही. ती तुम्हीच करा."

त्यांनी तिला कामावरून काढलं नाही, आवाज चढवला नाही, पगारही तोच ठेवला. तसं काही केलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं. ती चुलीपाशी जाऊन बसली. मधल्या दाराला कडी नव्हती, त्यामुळे पडवीतलं सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर घड्याळात बघून मिनिटं म्हणत होते आणि केसर रंग सांगत होती. "निळा. निळा. अजून निळा." ठमाबाईला वाटलं, एखादा तरी चुकेल. ती उठली, दाराआडून मान काढली आणि फरशीकडे बघितलं. थेंब निळाच होता, आणि पुढचाही. केसर एकही चुकत नव्हती, आणि ठमाबाईला सगळ्यांत जास्त तेच झोंबलं.